शब्द तात्यासाहेबांचेच

इंदुमती ढवळे कार्टूनमधल्या कावळ्यापासून राक्षसापर्यंत सगळ्यांना आवाज देऊन पोट भरायची, पण तिचा खरा जीव प्रहसनात. नगराध्यक्ष तात्यासाहेब शेलारांचा घोगरा आवाज तर ती असा काढायची की त्यांचा ड्रायव्हरही फसून गाडी दारात आणायचा.

तात्यासाहेबांना हे झोंबलं. त्यांनी तिला कचेरीत बोलावलं.

"बाई, तुम्ही मनाला येईल ते माझ्या तोंडी घालता. यापुढे आवाज माझा काढाल, तर शब्दही माझेच हवेत. एक जरी तुमचा निघाला, तर नाट्यगृह तुम्हाला कायमचं बंद."

गावात नाट्यगृह एकच होतं. इंदुमतीने मान डोलावली आणि तडक वाचनालय गाठून जुनी वर्तमानपत्रं उपसली.

रविवारी तात्यासाहेब पहिल्या रांगेत बसले. इंदुमतीने माईकसमोर त्यांच्यासारखा घसा खाकरला.

"बंधूंनो, दिवाळीपर्यंत घरोघरी चोवीस तास पाणी देतो. आणि हो, पुढच्या वर्षी गावात विमान उतरवतो."

हसून हसून लोकांची पोटं दुखली. तात्यासाहेब ताडकन उठले. "हा चावटपणा कोणी लिहिला?"

इंदुमतीने वाचनालयातून आणलेला जुना अंक अदबीने पुढे केला. "तुमचं निवडणुकीतलं भाषण आहे, साहेब. शब्द सगळे तुमचेच ठेवलेत. हसू तेवढं लोकांनी पदरचं घातलं."

तात्यासाहेब खाली बसले. अट त्यांचीच होती आणि ती तंतोतंत पाळली गेली होती. नाट्यगृह उघडं राहिलं. पुढे मात्र भाषणाला उभं राहताना तात्यासाहेब आधी सभेत इंदुमती बसलीय का, ते पाहून घेत.