घंटेने मोजलेले श्रम

जनावरं आणि वस्तूही एकमेकांशी बोलत असत त्या काळी, चांद्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात नवी घंटा आली. "तुमचे श्रम मी मोजते," ती म्हणाली. मग ती सांगेल तेवढीच वैरण चांद्या खाऊ लागला.

एकदा त्याने जोखडाखाली मान ताठ धरून भरली गाडी घाटावर चढवली. घंटा वाजलीच नाही.

"आजोबा, आज काहीच केलं नाहीत की! चार काड्या पुरेत."

चांद्याला स्वतःचीच शंका आली. पण पाय लटपटत होते आणि उद्या पुन्हा तोच चढ होता. एवढ्यात माशी बसली म्हणून त्याने मान झटकली. घंटा खणखणली.

"वा! आत्ता कसे राबलात!"

"पोरी, ओझं खांद्यावर होतं," म्हणत चांद्याने गव्हाणीत तोंड घातलं. पोट भरेपर्यंत ते वर काढलं नाही.

खाताना हलणाऱ्या मानेबरोबर घंटा वाजतच होती, "केवढे कष्ट, आजोबा!"