टांगणीचा फणस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर हेदकोंडाच्या वरच्या अंगाला जो ऐनाचा वृक्ष उभा आहे ना, ज्याला आज तिघांची मिठी पुरत नाही, तो तेव्हा एका माणसाच्या कवेत मावत होता. आता तुम्हीच काय तो हिशोब करा.

त्या काळी तिथल्या कोंडावर, म्हणजे वाडीवर, लखू नावाचा माणूस राहायचा. शिमगा आला की सगळा गाव पारधीला निघे. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती आणि रान तर असं दाट, की दुपारी दिवा लावून फिरावं. हाकारे ढोल बडवत रान उठवायचे, बंदूकवाले वाटा अडवून बसायचे, आणि लखू सगळ्यांच्या मागून डुलत डुलत यायचा. कमरेला सुरी, खांद्यावर काथ्याचा दोर, डोक्याला लालभडक मुंडासं आणि तोंडात पान. त्यानं उभ्या जन्मात ससासुद्धा मारला नव्हता. एकदाच कुणीतरी हातात बंदूक दिली, तर गोळी गेली मधमाश्यांच्या पोळ्यात. सगळी पारध ओढ्यात नाकापर्यंत बुडून बसली. त्यानंतर त्याला कुणी बंदूक दिली नाही.

पण पारध म्हणजे नुसती गोळी नव्हे. जनावर पडलं की खरी घाई सुरू होते. ते लगेच टांगलं नाही, पोट उघडून आतली ऊब बाहेर काढली नाही, तर उन्हानं मटण बिघडतं आणि एवढ्या कष्टांवर पाणी पडतं. तिथं लखूला तोड नव्हती. मागच्या पायांना चामड्याची वादी बांधायची, ऐनाच्या बेचक्यातून दोर टाकून जनावर वर ओढायला लावायचं, पातं दोन बोटांच्या मधे धरून पोट असं उघडायचं की आतड्याला ओरखडा नाही. मग बरगड्यांत आडवी काठी घालून वाऱ्याला लावायचं, काळीज देवीला काढून ठेवायचं आणि केळीच्या पानांवर घरागणिक वाटे घालायचे. तो सोलायला लागला की कातडं सदऱ्यासारखं निघायचं, असं म्हणतात.

त्याची एक खोड मात्र होती. सुरी लावण्याआधी तो जनावराच्या पोटावर तळहात ठेवायचा आणि परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं विचारायचा, "येऊ का?"

मग गप्प उभा राहायचा. दोन-चार श्वास जायचे. उत्तर आलं नाही, की सुरी लावायचा. त्याचा बापही असंच विचारायचा, बापाचा बापही. गावानं या गोष्टीची भरपूर टर उडवली. पोरं रस्त्यात त्याच्या पोटावर हात ठेवून "येऊ का?" म्हणायची, आणि लखू म्हणायचा, "या की, आत भूकच बसलीय!"

आता या लखूचं मन बसलं होतं सुंद्रीवर. सुंद्री बाळोजीची एकुलती एक लेक, आणि बाळोजी म्हणजे कोंडावरचा एक नंबरचा बंदूकवाला. त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा बार झाला की पलीकडच्या खोऱ्यातल्या म्हशी दूध चोरायच्या. सुरीला धार लावायचा दगड त्याच्याच अंगणात होता. लखू तिथं रोज सुरी घासायला जायचा, धार असली तरी जायचा. सुंद्री दगडावर पाणी ओतायची. असं म्हणतात, की त्या एका वर्षात सुरी घासून घासून निम्मी झाली.

शेवटी लखूनं धीर करून विचारलंच. बाळोजी मिशीला पीळ देत म्हणाला, "ज्यानं कंदी जनावर मारलं नाय त्याला माजी लेक? एक तरी मारून दाव, मग बोल."

आणि तो एवढ्यावर थांबला नाही. खाडीपलीकडच्या दाजी पाटलाच्या मुलासाठी त्यानं सुंद्रीची बोलणी लावली. पाहुणे शिमग्याला जेवायला यायचे, सांबराचं मटण खायचे आणि जेवणं झाली की सुपारी फोडायची, असं ठरलं. म्हणजे बघा, लखूच्या नशिबी काय आलं. ज्या जेवणावर त्याची सुंद्री दुसऱ्या घरी जायची, त्याच जेवणाचं सांबर त्यानंच टांगायचं आणि त्यानंच सोलायचं. त्या सकाळी त्यानं पान खाल्लं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

हाकारा झाला. रान उठलं. आणि करवंदीच्या जाळ्या मोडत एक सांबर बाहेर आलं. केवढं, म्हणाल? शिंगांत कावळ्यानं घरटं बांधलं होतं, असं म्हणतात. मी काही ते घरटं पाहिलं नाही, पण सांबर मोठं होतं खरं. बाळोजीनं बार काढला. सांबर जागच्या जागी कोसळलं. एकच आरोळी उठली. सहा-सात जणांनी ते उचलून ऐनाखाली आणलं, लखूनं मागच्या पायांना वादी बांधली, दोर टाकला, सगळ्यांनी "हय्या" करून ओढलं आणि सांबर उलटं टांगलं गेलं. शिंगं जमिनीपासून वीतभर वर.

लखूनं सुरी काढली. रीत ती रीत. त्यानं सांबराच्या पोटावर तळहात ठेवला.

"येऊ का?"

सगळे गप्प. दोन-चार श्वास गेले.

आणि सांबर शिंकलं.

असं शिंकलं, की ऐनाची पानं झडली. झालं होतं काय, गोळी लागली होती शिंगाच्या बुडाला. सांबराला नुसती भोवळ आली होती आणि आता ती उतरली होती. त्यानं डोळे उघडले, उलटं जग पाहिलं, आणि जो काही हिसका दिला, की हाकारे ढोल टाकून पळाले. कुणी करवंदीत शिरलं, कुणी ओढ्यात. बाळोजी ऐनावर चढला. घाईत चढला तो नेमका त्याच फांदीवर, जिच्यावरून सांबर लोंबत होतं. सांबर हिसका देई, फांदी हेलकावे, आणि वर बाळोजी "अगं आई गं" करी. बंदूक खाली राहिली होती. वर असती तरी रिकामीच होती.

झाडाखाली राहिला एकटा लखू, हातात सुरी घेऊन.

"अरं मार!" बाळोजी वरून ओरडला. "बगतोस काय? बांदलेलं हाय, घाल सुरी! मारलास तर सुंद्री तुला दिली! देवीची आण!"

करवंदीतल्यांनी ऐकलं, ओढ्यातल्यांनी ऐकलं. लखूनं तर ऐकलंच. गळा समोर होता. सुरी हातात होती. वर्षभर दगड झिजवला तो याच एका शब्दासाठी. एक घाव घातला की घर, संसार, सगळं पदरात. त्याची छाती अशी धडधडत होती, की सांबराची कुठली आणि आपली कुठली हे त्याला कळेना.

तो म्हणाला, "मामा, मी त्याला इचारलं."

"मग?"

"त्यानं नाय म्हटलं. नाय ऐकायचं नव्हतं, तर इचारायचं कशाला?"

आणि त्यानं उडी मारून पायांची वादी कापली. सांबर दणकन खाली आलं, लखूच्या अंगावरून लोळलं, उठलं, आणि लखूचं लाल मुंडासं शिंगांत अडकवून तसंच रानात गेलं. झाडीतून बराच वेळ ते लाल लाल जाताना दिसत होतं. एखादं वऱ्हाडच चाललंय जसं काही.

बाळोजी खाली उतरला तो पाय आपटतच. "घालवलंस! माजं जेवणबी घालवलंस आन् माजी लेकबी!" लखू बोडक्या डोक्यानं गावात आला.

इकडे पाहुणे येऊन ओट्यावर बसले होते. दाजी पाटील चांगला खादाड माणूस, सकाळपासून उपाशी राहून आलेला. चुली पेटल्या होत्या, खोबऱ्याचं वाटण तयार होतं, गरम मसाल्याचा वास गावभर सुटला होता. घरोघरची माणसं वाटे न्यायला पानं घेऊन आली होती. आणि शिकाऱ्यांचे हात रिकामे. बाळोजीच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा परसातून सुंद्री आली. डोक्यावर घरच्या झाडाचा कोवळा फणस, हा एवढा थोरला. मागून आणखी दोघी-तिघी, तशाच. आपल्या बापाकडे तिनं पाहिलंही नाही. फणस लखूपुढे ठेवला, खोबरेल तेलाची वाटी ठेवली आणि म्हणाली, "ह्याला इचार."

लखूच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हतं ते हसू आलं. त्यानं फणसाला दोर बांधला, पाहुण्यांच्या नजरेआड मागच्या पडवीच्या आढ्याला टांगला, सुरीला तेल लावलं, आणि सगळ्या गावादेखत त्या काटेरी पोटावर तळहात ठेवला. "येऊ का?" गाव श्वास रोखून उभा. पोरांनी एकमेकांची नाकं धरून ठेवली. फणस काही बोलला नाही. मग लखूनं तो असा सोलला, असा सोलला, की आख्खी साल चिकासकट कातड्यासारखी खाली आली. मधला दांडा देवीला काढून ठेवला. पानांवर वाटे पडले. बायकांनी तो मटणाच्या मसाल्यात असा शिजवला, की दाजी पाटलानं तीनदा मागून घेतला.

"सांबर झकास होतं हो," तो बोटं चाटत म्हणाला. "पण हाडं कुठं गेली?"

"ह्या जातीला हाडं नसतात," लखू म्हणाला, आणि पंगत हसून हसून आडवी झाली. मग सकाळची सगळी हकीकत पाहुण्यांना कळली.

जेवणं झाली. सुपारी समोर आली. दाजीनं अडकित्ता उचलला. तेवढ्यात सुंद्री दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

"आबा, सांबराला इचारलं. फणसालाबी इचारलं. मला कुणी इचारलं?"

अशी गोष्ट त्या गावानं ऐकलीच नव्हती. बाळोजी उठला. सकाळी झाडावर हेलकावे खाऊन खाऊन त्याच्या मिशीचा पीळ केव्हाच सुटला होता. लेकीजवळ गेला, तिच्या डोक्यावर तळहात ठेवला, आणि त्याला आठवलं, की ती एवढीशी होती तेव्हापासून आपण असा हात ठेवलाच नाही.

"सुंद्रे," तो म्हणाला, "पाटलांच्या घरी जातेस का?"

दोन-चार श्वास गेले.

आणि सुंद्री शिंकली.

दाजी पाटीलच पहिला हसला. एवढा हसला, की सुपारी हातातून गडगडत चुलीपर्यंत गेली. "अरे, आमचा दोर कापला हिनं!" तो म्हणाला, आणि त्याचा मुलगाही हसला, कारण खरं सांगायचं तर त्याचंही मन दुसरीकडेच होतं. बाळोजीनं डोळे पुसले, लेकीच्या डोक्यावरचा हात काढला नाही. "बरं, मग लखूकडं?" सगळे तिच्या नाकाकडे बघत राहिले. नाक काही हललं नाही.

"आता इचारलंत," सुंद्री म्हणाली, "तर व्हय."

त्यांचं लग्न झालं. नवरदेवाला मुंडासं नव्हतं, उसनं आणायचं चाललं होतं. लग्नाच्या सकाळी लोक ऐनाखाली गेले, तर लखूचं लाल मुंडासं फांदीवर टांगलेलं आणि खाली ओल्या मातीत सांबराच्या खुरांचे ठसे. ते धुऊन, वाळवून, नीट घडी घातलेलं होतं, असंही म्हणतात. घडीचं मला तितकंसं पटत नाही. ठशांचं पटतं.

आज तिकडे शिकारीला बंदी आहे आणि बाळोजीची बंदूक कुठल्याशा माळ्यावर गंजून गेली. पण शिमग्याला हेदकोंडात ऐनाच्या बेचक्यातून दोर टाकून फणस टांगतात. गावातलं वडीलधारं माणूस लाल मुंडासं बांधून त्याच्यावर हात ठेवतं आणि विचारतं, "येऊ का?" त्या शांततेत कुणाला शिंक आली, तर तो फणस सोडून रानाच्या कडेला ठेवून येतात आणि दुसरा टांगतात. पोरं मुद्दाम नाकात गवत घालतात. एका वर्षी एवढे फणस सोडावे लागले, की गावानं पिठलं-भात खाल्ला.

आणि त्या कोंडावर सुपारी फुटायच्या आधी बाप लेकीच्या डोक्यावर हात ठेवून विचारतो. मग सगळं घर गप्प राहतं, आलेले पाहुणेसुद्धा. मुलीला सर्दी असली तर सुपारी पुढे ढकलतात, उगाच घोटाळा नको म्हणून. ती शिंकली, तर कुणी रागवत नाही की कारणही विचारत नाही. "दोर कापला," एवढंच म्हणतात, आणि सगळे मिळून जेवायला बसतात.