राणी रंगाचा बुक्का

"आणि नाही टाकला तर?" झुंबरनं विचारलं.

"तर अर्धी मिशी काढायची," दिग्या म्हणला. "डावी."

आता झुंबरची मिशी म्हणजे काय, उन्हात उभा राहिला तर दिसायची. पण तिच्यासाठी तो वर्षभर रोज आरशात डोकावत होता. त्यामुळं त्यानं फार विचार केला नाही. तसंही विचार करणं हे त्याचं खातं नव्हतं.

"टाकतो," म्हणला.

टाकायचा काय, तर पक्का रंग. रंगपंचमीचा उरलेला, राणी. हा रंग लई हरामी. कोरडा असला की नुसती काळपट पूड. घामाचा थेंब लागला की असा फुलतो की साबण हात टेकतो.

आणि टाकायचा कुठं, तर मठात, विश्वंभर महाराजांच्या बुक्क्याच्या डबीत.

त्या साली साथ होती. जमायला बंदी होती. खालच्या आळीतले भागूनाना तालुक्याला नेले ते परत आलेच नाहीत. पण मठात कीर्तन चालू होतं, कारण महाराजांनी भोंग्यावरून सांगितलं होतं, "आपल्या मठाचा बुक्का कपाळाला लागला की साथ शिवत न्हाई. तोंडाला फडकं बांधणं म्हणजे देवावर संशय घेणं."

लोकांनी फडकी काढली.

महाराजांनी स्वतः मात्र साथ आल्यापासून कडक सोवळं धरलं होतं. उंच पाटावर एकटे बसायचे. पायाला हात लावायचा नाही, दंडवत घालायचा तो लांबूनच. बुक्कासुद्धा ते लावत नव्हते. ते काम मृदंग वाजवणाऱ्या किसनचं.

"केवढं कडक सोवळं," बाया म्हणायच्या.

किसनला खोकला लागला होता. महाराज म्हणले, बुक्क्याची धूळ जाती नाकात.

ठरवून मठात येत नव्हता तो एकटा भिवाबा. भिवाबा म्हणजे महाराजांचा गुरू. आधी पाटावर तोच बसायचा. हातपाय थकले तसा त्यानं पाट शिष्याला दिला आणि मठाखालच्या विहिरीपाशी झोपडी बांधून राहिला. साथ आली आणि त्यानं झोपडीपुढं दगडांची रांग लावली. बोलायचं ते रांगेच्या बाहेरून.

"म्हातारा मरणाला भ्याला," गाव म्हणलं.

तर दुपारी मठ घोरत होता, तेव्हा झुंबर आत शिरला. रंगपंचमीला करतात तसं तोंडाला, मानेला, हाताला खोबरेल चोपडलेलं. वर हाताला चढवलेली दुधाची रिकामी पिशवी. आगाव होता, पण येडा नव्हता.

पुडी डबीत रिकामी केली, काडीनं ढवळली. काळ्यात काळं मिसळलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

संध्याकाळी तो आणि दिग्या भिंतीबाहेरच्या चिंचेखाली बसून बघत होते. किसनचा अंगठा डबीत, डबीतून कपाळावर. पुन्हा डबीत, पुन्हा कपाळावर. मधेच किसन तोंडावर मूठ धरून खोकायचा आणि तोच अंगठा पुढच्या कपाळाला.

कीर्तन सुटलं. दिग्याचा आज्जा बाहेर आला आणि नातवाच्या गालावरून मायेनं हात फिरवून गेला.

"मेलास," झुंबर म्हणला.

"का?"

"उद्या कळंल."

सकाळी गाव उठलं ते राणी रंगाचंच.

कपाळं राणी, ते तर ठरलेलंच होतं. पण नाकंही राणी. कानामागं राणी. हापशाचा दांडा राणी, टपरीवरच्या पेल्यांच्या कडा राणी. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले तुका आणि म्हादू हे सख्खे भाऊ, दोघांच्या ओठाखाली सारखाच ठिपका. म्हणजे तंबाखूची डबी एकच. दोघांच्या बायकांनी कमरेला पदर खोचले.

दिग्याच्या गालावर आज्जाची चार बोटं.

झुंबर हसून हसून गटारात पडायचा राहिला. दिग्यापण हसला, पण एकाच गालानं.

मग झुंबर घरी आला.

घरी त्याची ताई बाळंतपणाला आली होती. बाळाचं अजून बारसं व्हायचं होतं. खोलीत आईशिवाय कुणी जायचं नाही, असा आईचा कायदा. झुंबरनं दारातूनच डोकावलं. ताई बाळाला तेल लावत होती.

बाळाच्या टाचेवर राणी बोट होतं.

आणि ओठाच्या कोपऱ्यात ठिपका. मोहरीएवढा.

झुंबरचं हसू कुठं गेलं ते त्यालाच कळलं नाही.

"आई, तू काल मठात गेलती?"

"मी कशाला जाऊ? इथलं कोण बघंल?"

"आबा आत आलते?"

"बाळंतिणीच्या खोलीत? तुझं डोकं फिरलंय का?"

आबा, त्याचे वडील, कीर्तनाला गेले होते, पण खोलीत आले नाहीत. आई खोलीत असते, पण कीर्तनाला गेली नाही. झुंबरनं दोनदा उलटसुलट लावून बघितलं. जमेना. त्यानं तर फक्त डबीत टाकला होता.

मग त्याला माठावरचा तांब्या दिसला. तांब्याच्या काठावर आबांचा अंगठा होता. त्याच्या शेजारी आईची बोटं, जरा फिक्की.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"भक्तहो," महाराज सांगत होते, "रात्रीतून चमत्कार झाला. देवानं तुमच्या अंगावर शिक्का मारला. ज्याच्यावर हा रंग, तो साथीतून सुटला. ज्याच्यावर न्हाई, त्यानं आज संध्याकाळी काल्याला यावं. लेकराबाळांना घेऊन यावं."

काला म्हणजे दही-लाह्या एका हंड्यात कालवायच्या आणि एकमेकांच्या तोंडात घास घालायचा.

आबा अंगणातून धावत आले. डोळ्यांत पाणी. "पोरावर शिक्का उठला म्हणं. दाखव, दाखव. संध्याकाळी नेऊन त्याला महाराजांपुढं ठेवतो, पहिला घास त्यालाच."

"आबा…" झुंबर म्हणला.

"काय?"

"काय न्हाई."

आबांची चप्पल नेहमी दारातच असायची. ती त्याला दिसत होती.

आबा दारातूनच बघून गावभर सांगत सुटले. घटकाभरानं झुंबर विहिरीवर पळाला.

भिवाबा झोपडीपुढं बसून हात धूत होता. तोंडाला पंचा घट्ट बांधलेला. झुंबर दगडांपाशी थांबला, आणि त्याला अजून एक कोडं पडलं. म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत राणी होते.

"बाबा, तुम्ही तर मठात गेलाच न्हाई."

"न्हाई."

"मंग हे?"

"किसन पहाटं तापानं फणफणला. कुणी जवळ जाईना. घाम पुसला, उचलून गाडीत घातला. तालुक्याला नेलाय." भिवाबानं तांब्याभर पाणी अजून ओतलं. "लांबच थांब तू."

"लोक म्हणतात, तुम्ही मरणाला भ्याला."

"खरं हाय."

झुंबर गोंधळला. भ्यालेला माणूस किसनला उचलतो, आणि न भ्यालेला पाटावरून उतरत नाही. हे काय त्याच्या डोक्यात बसेना.

"तू असा कोराकरकरीत कसा रं?" भिवाबानं विचारलं.

"मी गेलोच न्हाई ना कीर्तनाला."

"तुझा भाचा गेलता?"

"तुम्हाला कुणी सांगितलं भाच्याचं?"

"तुझा बाप गावभर नाचत सांगतोय."

झुंबर पायानं माती उकरत राहिला. मग भडाभडा बोलला. मिशी, पुडी, डबी, तेल, पिशवी, सगळं. म्हाताऱ्यानं एकदाही मान हलवली नाही.

"पण बाबा, मी चांगलंच केलं की एका परीनं. किसनचा अंगठा कुठंकुठं गेला ते लोकांना दिसलं तरी."

"काय दिसलं लोकांना?"

"…शिक्का."

"मंग?"

"मंग तुम्ही सांगा ना. तुम्ही त्यांचे गुरू. तुमचं ऐकतील."

"आठ दिवस सांगतोय, दवाखान्यात जा, तोंड झाका. भ्याला म्हणतात." भिवाबानं तळवे उलटेपालटे करून बघितले. "आणि त्या डबीत मी काय टाकलंय, जे मी सांगू?"

"आबा जीव घेतील माझा."

"घेतील की."

"असं काय बोलता…"

"किती तेल लावलंतं रं?"

"आं?"

"तेल. अंगाला. किती लावलंतं?"

"चांगलं चोपडून. कोपरापर्यंत."

"चांगलं केलंस." म्हातारा उठला आणि पाठ करून आत निघाला. "आईला लावलं असतंस, तर अजून चांगलं झालं असतं."

झुंबर तिथंच उभा. चांगलं केलं म्हणला की वाईट? शिव्या दिल्या असत्या तर निदान समजलं तरी असतं.

संध्याकाळी मठाचं अंगण खचाखच भरलं. शिक्केवाले छाती काढून पुढं, बिनशिक्क्याचे मागं, त्यांची ढकलाढकली. शेजारच्या दोन वाड्यांतूनही लोक आले होते. मधे दह्याचा हंडा. पुढ्यात आबा, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

झुंबर चिंचेखाली. दिग्या शेजारी, गालाला रुमाल लावून.

"सांगू नको," दिग्या कुजबुजला. "मला पण मारतील."

"तुझी मिशी कुठंय मारायला," झुंबर म्हणला.

फाटकाबाहेर भिवाबा येऊन उभा राहिला. तोंडाला पंचा. आत पाऊल टाकलं नाही.

महाराज माईकवर हसले. "बाबा, आत या की. अजून भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

लोक खदाखदा हसले.

"मी हितंच बरा, इश्वंभर. फक्त तेवढा देवाचा शिक्का बघू दे एकदा. हात वर करायला सांग सगळ्यांना."

महाराजांना तर आनंदच झाला. "करा, करा हात वर. बाबांना पण दर्शन होऊ द्या."

शेकडो हात वर गेले. पुढं राणी बोटं, राणी अंगठे, राणी तळवे. फाटकाबाहेरून भिवाबानंही आपले दोन वर केले. आणि पाटावरून महाराजांनी आशीर्वाद देतात तसे स्वतःचे दोन्ही हात उंच धरले.

झुंबर बघत राहिला.

कोरे. धुतलेल्या ताटासारखे. त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं, पुन्हा तिकडं बघितलं.

डबीच्या इतक्या जवळ जाऊनही कोरे राहिलेले असे दोघंच.

"चला, पहिला घास लेकराला," महाराज म्हणले. एका माणसानं राणी बोटांनी दही उचललं आणि बाळाकडं वळला. त्या माणसानं तोंड फिरवून एकदा खोकून घेतलं. आबांनी दुपटं बाजूला केलं.

"आबा, बाळाला घरी न्या."

आवाज झुंबरचाच होता. तो चिंचेखालून कधी निघाला आणि हंड्यापाशी कधी आला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"शिक्का न्हाई तो. रंगपंचमीचा पक्का रंग हाय. मी टाकला डबीत. किसनचा अंगठा जिथंजिथं लागला तिथंतिथं गेला. तिथनं आपल्या तांब्याला, तिथनं आईच्या हाताला… बाळाच्या तोंडापर्यंत गेलाय, आबा. आणि किसनला ताप हाय. तालुक्याला नेलाय त्याला."

दही उचललेला हात हवेत राहिला.

"कार्टं खोटं बोलतंय," महाराज म्हणले. "डबीत यानं हात घातला म्हणं. मंग याच्या अंगावर एक डाग कसा न्हाई? दाखव रं, दाखव हात सगळ्यांना."

झुंबरनं हात पुढं केले. कोरे होते.

"मला माहीत होतं ना, महाराज," तो म्हणला. "म्हणून मी आधीच तेल लावलं. ज्याला माहीत असतं, त्याला कशाला लागंल?"

लोकांनी झुंबरच्या हातांकडं बघितलं. मग हळूहळू माना वर झाल्या, पाटाकडं.

महाराजांचे हात अजून वरच होते. ते त्यांनी खाली घेतले आणि उपरण्यात घातले.

आबांच्या एका हातात चप्पल आली होती, ती हातातच राहिली. त्यांनी दुपटं बाळाच्या तोंडावर ओढलं आणि गर्दीतून मागं सरकले. एकेक माणूस सरकून त्यांना वाट देत होता, आणि सरकला तो पुन्हा जवळ येत नव्हता.

झुंबर हंड्यापाशी एकटा उभा. मार कुठून सुरू होणार ते कळेना, म्हणून त्यानं फाटकाकडं बघितलं.

भिवाबा खाली टेकला होता. राणी हात गुडघ्यांवर ठेवून, पाटाकडं बघत.

"कोऱ्या हातांचा एक उठला," तो म्हणला. "दही झाकून ठेवा… दुसरा पाटावरून उठतोय का बघू."