भिंतीच्या आतली जागा

फिलूचं तान्हं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहायचा तो मामा जहाजावर नोकरीला. नव्या वर्षाला तो आला की करू म्हणता म्हणता तापानं डाव साधला.

वसईकडच्या त्या गावात तेव्हा फादर सिल्वेस्टर यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते दफनभूमीच्या फाटकात आडवे उभे राहिले. "बाप्तिस्मा नाही त्याला स्वर्ग नाही. आणि स्वर्ग नाही त्याला या पवित्र जमिनीत जागा नाही. भिंतीबाहेर पुरा."

नवरा इनास मुकाट्यानं मागं वळला. फिलू मात्र बाळाची पेटी छातीशी धरून तिथंच उभी राहिली.

"फादर, आज सकाळी चर्चमध्ये मिस्सा कोणाच्या नावानं केलीत?"

"तान्ह्या येशूला संपवायला हेरोद राजानं मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांच्या. आज त्यांचा सण."

"ती कुठं आहेत?"

"स्वर्गात. संत आहेत ती."

"त्यांचा बाप्तिस्मा कोणी केला?"

फादर हसले. "अगं, ती येशूसाठी मेली!"

"आपण कोणासाठी मरतोय, हे त्यांना कळत होतं?"

"त्यांना नसेल, देवाला कळत होतं ना!"

"मग त्यांना ओळखणाऱ्या देवाला माझं लेकरू ओळखायला तुमची चिठ्ठी कशाला लागते?"

फादर फाटकातून बाजूला झाले.

घरी परतताना इनास म्हणाला, "फादरची बोलती बंद केलीस, फिलू."

पाजायची वेळ झाली होती आणि फिलूची चोळी दुधानं भिजत चालली होती.