पानांची बाजू

“मी इथं साधनेला आलोय अक्का, की झिजायला?”

चन्नवीरचा आवाज मठाच्या विहिरीपर्यंत गेला. चौदा वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून, नोकरी सोडून तो सोलापूरकडच्या या लहानशा मठात आला होता. मौन हवं होतं त्याला. मठ चालवणाऱ्या अक्कांनी गळ्यात बांधल्या शेतमजुरीवरून येणाऱ्या अकरा बायका. त्यांना लिहायवाचायला शिकवायचं.

“एकच अक्षर दहादा विचारतात! मला शोषून घेतायत त्या.”

अक्का अंगण झाडत राहिल्या.

“चला विहिरीपाशी. दाखवतोच तुम्हाला.”

विहिरीपाशी मोसंबीची दोन झाडं होती. दोन महिन्यांपूर्वी रागाच्या भरात त्यानं एकाची सगळी कोवळी फळं तोडून टाकली होती. पानांना जरा मोकळं जगू दे, म्हणून. पान उन्हात किती अन्न करतं ते मोजायचं यंत्र त्यानं कॉलेजातून मागून आणलं होतं.

त्यानं मोकळ्या झाडाच्या पानाला यंत्राचा चिमटा लावला. आकडा पाहिला. मग फळांनी वाकलेल्या झाडाच्या पानाला लावला.

इथला आकडा जास्त होता.

“यंत्र बिघडलंय!”

अक्कांनी त्याचा हात धरून दुसऱ्या पानाशी नेला. मग तिसऱ्या.

दहाव्या पानालाही तेच. फळांजवळची पानं दीडपट काम करत होती. मोकळी पानं सुस्तावली होती.

“का रे असं?” अक्कांनी विचारलं.

उत्तर त्याला पाठ होतं. म्हणूनच जास्त संताप आला.

“फळं साखर ओढून घेतात, म्हणून पान आणखी करतं. ओढणारं कोणी नसलं की साखर पानातच तुंबते. मग पान मंदावतं.” त्यानं यंत्र गवतावर आदळल्यासारखं ठेवलं. “पण मी झाड नाही, अक्का! रोज वर्गात उभा राहतो, आणि कालपर्यंत मला ठाऊक नसलेलं काहीतरी तोंडातून निघतं. रात्री अंग मोडून येतं. माझं होतं नव्हतं ते सगळं त्या घेऊन चालल्यात!”

अक्का पहिल्यांदाच चिडल्या. त्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“त्यांनी मागायच्या आधी तुझ्याकडं होतं काय रे?”