एलीमची काळी भाकरी

एलीम गावाच्या पश्चिमेला, शेवटचं कुंपण संपतं तिथून एक चर सुरू होतो. कमरेइतका खोल, शंभरेक पावलं लांब. दोन्ही अंगांना गव्हाची शेतं आहेत, पण या चरावर आजवर कुणी नांगर घातलेला नाही. त्यात पाणी सोडत नाहीत, कचराही टाकत नाहीत. दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी सगळं गाव त्याच्या काठावर येऊन बसतं आणि एकेक घास काळी भाकरी खातं. खाताना तोंड वाकडं करायचं नाही, एवढा एकच नियम. बाहेरून आलेले पाहुणे आधी हसतात. भाकरी कशाची ते कळलं की मागे सरकतात. त्यांच्यावर रागावू नये. किळस सगळ्यांनाच येते. ही गोष्टही किळसेचीच आहे. मात्र किळस नेमकी कशाची यावी, ते शेवटपर्यंत ऐकून ज्याचं त्याने ठरवावं.

अमेरिकेतल्या युटाच्या या कोरड्या खोऱ्यात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एक झुडूपसुद्धा माणसाच्या हातचं नव्हतं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची सव्वीस घरं इथे आली. मागच्या मुलखात त्यांची घरं जाळली होती, म्हणून आपला धर्म आपल्याला पाळता यावा अशी जागा शोधत ती हजार मैल चालली. ज्यांना बैल परवडले ते बैलगाड्यांनी आले, बाकीचे हातगाड्या ओढत. वस्तीत सगळे एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत. प्रमुख होता बिशप एझरा क्लेग. बिशप म्हणजे त्यांचा पुजारीही तोच आणि पाटीलही तोच. उंच माणूस, छातीवर रुळणारी दाढी, आणि आवाज असा की त्याने नुसतं पाणी मागितलं तरी प्रार्थना वाटावी.

मारेन त्याची धाकटी बायको. पंथात तेव्हा एकाहून जास्त बायका करायची रीत होती. ही डेन्मार्कहून आलेली. तिचा पहिला नवरा हातगाडी ओढता ओढता डोंगरातल्या बर्फात बसला तो उठला नाही. तिने हाताने बर्फ उकरून त्याला पुरलं, गाडीत लेकीला, डोर्टेला, घोंगडीत गुंडाळलं आणि गाडीचा दांडा स्वतः धरला. वस्तीवर विधवेला आधार हवा म्हणून बिशपने तिच्याशी लग्न केलं. घराच्या मागच्या अंगाला तिला एक खोली दिली. थोरली बायको तबिथा चार मुलांना घेऊन पुढच्या घरात राही. सवतींचं भांडण नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. तबिथा तिला नावाने हाक मारत नसे. "ए हातगाडीवाली, दूध उतू चाललंय," एवढंच.

तिसऱ्या उन्हाळ्यात टोळ आले. हे उडणारे टोळ नव्हेत. अंगठ्याएवढे जाड, काळपट, बिनपंखी, चालत येतात. डोंगर उतरून येताना लांबून वाटलं, जमीनच सरकते आहे. मग आवाज आला, सुक्या पानांवर पाऊस पडावा तसा. त्यांनी गहू खाल्ला, वाटाणा खाल्ला, वाळत घातलेले कपडे खाल्ले. बुटाखाली चिरडले की पिवळा चिकट लगदा निघे आणि मागून येणारे तो लगदाही खात. दुधाच्या बादलीत टोळ, अंथरुणात टोळ. एका सकाळी मारेनने डोर्टेच्या केसांतून सात काढले. त्यातला एक पोरीची रिबीन चावत होता.

त्याआधी काही वर्षं मोठ्या सरोवराच्या काठच्या वस्तीवर अशीच धाड आली होती, तेव्हा पांढरी समुद्रपाखरं येऊन सगळे टोळ खाऊन गेली, असं सर्वांनी ऐकलं होतं. बिशपने सांगितलं, आपल्यासाठीही पाखरं येतील. तोवर कुणी टोळाला हात लावायचा नाही. जो झाडू उचलेल तो देवाला सांगेल की तुझी पाखरं मला नकोत. मग प्रार्थनाघरातली बाकं शेताच्या बांधावर आणून मांडली आणि सगळी वस्ती उपास करत आभाळाकडे बघत बसली. एक दिवस गेला. दुसरा गेला. समोर गहू संपत होता, पायांवरून टोळ चढत होते, आणि माणसं मान वर करून बसली होती. एकाच्या दाढीत टोळ शिरला, तरी त्याने तो काढला नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी डोंगरातली, शोशोनी जमातीची एक म्हातारी टोपली घेऊन आली. ज्या ओढ्यावरून वस्तीने पाट काढला होता तो ओढा मुळात तिच्या माणसांचा. तिला कुणी हटकलं नाही, कारण सगळे वर बघत होते. ती खाली बसून टोळ वेचू लागली. मारेन तिच्याकडे बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. म्हातारीने आभाळाकडे पाहिलं, मग बाकांवरच्या माणसांकडे, आणि टोपलीतला एक टोळ उचलून मारेनला दाखवला. वर काय बघता, खायचं ते खाली आहे, असंच तिला म्हणायचं असावं. मग ती तोंडावर हात धरून हसली.

मारेनने मांडीवरच्या डोर्टेकडे पाहिलं. पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती. मारेन उठली, झाडू घेऊन आली.

पाटासाठी खणून अर्धवट सोडलेला एक चर जवळच होता. दोघी बायकांनी टोळ हाकत हाकत त्यात लोटले, वरून सुकं गवत आणि झुडपं टाकली आणि पेटवून दिली. जळक्या केसांसारखा वास सगळ्या खोऱ्यात पसरला. तबिथाने शालीने मुलांची नाकं झाकली. बिशप बाकावरून उठून आला.

"मारेन, झाडू खाली ठेव."

"ठेवते," ती म्हणाली. "आधी चर भरू दे."

त्या दोघींमुळे थोडाफार गहू वाचला, तो चराच्या कडेचा. बाकी सगळा गेला. अकरा दिवसांनी पाखरं आली. शेतात त्यांना खायला काही उरलं नव्हतं. ती चराच्या काठावर उतरली, राख उकरून पोट भरलं, आणि घाण करून गेली. बिशपने हात उंचावून वस्तीला दाखवलं की पाहा, आली. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मारेन तेव्हा दगडावर भाजलेले टोळ कुटत होती. तिने मान वर केली नाही.

त्या पिठाची सात पोती झाली. पीठ काळं, तेलकट, बोटांना चिकटणारं. बिशपने ठरवून टाकलं की हे अन्न अपवित्र. ते खाणाऱ्याने त्याच्या टेबलाला बसायचं नाही. मारेनने मागच्या छपराखाली तीन दगडांची चूल मांडली. वस्तीतल्या बाया तिथून जाताना स्कर्ट आवरून घेत. पण सगळ्यात मोठी अडचण डोर्टेची होती. पोर तोंड उघडेना. चव तशी वाईट नसते, भाजलेल्या दाण्यांसारखी लागते. पण भाकरीत मधूनच एखादा पाय दाताखाली येतो, आणि मग मन घट्ट ठेवणं कठीण. मारेनने पहिला घास खाल्ला आणि छपरामागे जाऊन ओकली. तोंड धुतलं, परत आली, लेकीसमोर बसली आणि दुसरा घास खाल्ला. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

"बघ," ती म्हणाली, "आईने तोंड वाकडं केलं का? नाही ना. मग तूही करायचं नाही."

डोर्टेने आईच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं, आणि खाल्लं.

वाचलेला गहू सगळ्यांनी बियाण्यासाठी दिला. तो खायचा नाही, मेलो तरी खायचा नाही, अशी हात वर करून शपथ झाली. दगडी कोठारात तो ठेवला आणि किल्ली बिशपकडे राहिली. हिवाळा फार कडक आला. माणसं बैलांची कातडी उकळून त्याचं पाणी प्यायली. रोज दुपारी बिशप कोठारात शिरे आणि आतून कडी लावे. आपण एकांतात वस्तीसाठी प्रार्थना करतो, असं त्याने सांगितलं होतं. थंडीसाठी आत एक शेगडी होती. तिच्या धुराड्यातून धूर निघाला की रस्त्यावरची माणसं टोपी काढून उभी राहत.

घरचे कपडे धुण्याचं काम मारेनचं. फेब्रुवारीत एकदा बिशपचा कोट तिच्याकडे आला. खिशाचं अस्तर उलटं करताना हाताला काही कडक लागलं. तो पांढऱ्या भाकरीचा तुकडा होता, दातांनी तोडलेला, कडेला लोणी. मारेनने तो फडक्यात बांधून ठेवला. चार दिवसांपूर्वीच शेजारच्या घरातलं तान्हं मूल पुरलं होतं. खड्ड्याशी प्रार्थना बिशपने म्हटली होती, आणि अंगात हाच कोट होता. टोळ चिरडताना, कुटताना, खाताना तिला आली होती त्याहून मोठी किळस तेव्हा आली. तिने कोट पाण्यात टाकला आणि हात वाळूने घासून घासून धुतले.

बोलावं तर बिशप तिला आणि डोर्टेला बर्फात बाहेर काढू शकत होता. न बोलावं तर डोर्टे तेवढी जगणार होती, काळ्या भाकरीवर, आणि शेजारची मुलं एकेक करून जाणार होती. तिने रविवारची वाट पाहिली. महिन्यातला पहिला रविवार उपासाचा असे, आणि त्या दिवशी कुणालाही, बाईमाणसालाही, उभं राहून साक्ष द्यायची मुभा असे. मारेन डोर्टेचं बोट धरून पुढे आली. तिने टेबलावर दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

"माझं बोलणं मोडकं आहे, म्हणून थोडंच बोलते," ती म्हणाली. "हे काळं माझ्या चुलीवरचं. हे पांढरं बंधू क्लेग यांच्या कोटातलं. किळसवाणं कोणतं, ते तुम्ही सांगा."

मग बिशप उठला. ही बाई किडे खाते, हिच्या तोंडून काय निघणार, असं काही तो म्हणू लागला. त्याचा आवाज अजूनही प्रार्थनेसारखाच होता. तेवढ्यात तबिथा बाकावरून उठली. तिने पांढरा तुकडा उचलला, हुंगला, आणि परत ठेवला.

"काल माझी मुलं कातड्याचं पाणी प्यायली, एझरा," ती म्हणाली. तिने काळी भाकरी उचलली, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली, आणि खाल्ली. चेहरा दगडासारखा ठेवून. मग ती मारेनजवळ गेली आणि पहिल्यांदाच तिने तिला नावाने हाक मारली. मारेन, अजून आहे का, एवढंच तिने विचारलं.

कोठार उघडलं तेव्हा मागच्या निम्म्या पोत्यांत पेंढा भरलेला निघाला. बिशपला बर्फात हाकलून द्यावं, असं पुरुष म्हणत होते. शेवटी त्यांनी मारेनला विचारलं. ती म्हणाली, "बर्फात बसलेला माणूस मी पाहिलाय. पुरे झालं. त्याला जेवायला वाढा."

भर सभेत त्याला बसवून काळी भाकरी वाढली. पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं केलं, थुंकायला वळला. डोर्टे टेबलाशी उभी होती. पाच वर्षांची पोर. ती हळूच म्हणाली, "तोंड वाकडं करायचं नसतं."

बिशपने मान खाली घातली आणि सगळी भाकरी संपवली. त्याचं पद गेलं, पण तो गावातच राहिला. मारेनकडे उरलेली तीन पोती सव्वीस घरांत वाटली गेली, आणि त्या हिवाळ्यात त्यानंतर कुणाला पुरावं लागलं नाही, असं सांगतात. उरलेलं बी वसंतात पेरलं. पुढच्या जूनमध्ये गहू फुलोऱ्यावर आला तेव्हा सगळं गाव चराशी जेवायला बसलं. एझरा क्लेग त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. दर जूनला येऊन बसायचा, खायचा. सरळ तोंडाने खाणं त्याला एकदाही जमलं नाही.

म्हातारीचं नाव तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आज ते सांगता येत नाही. याची गावाला लाज वाटते. पहिल्या भाकरीतला अर्धा भाग डोंगराच्या बाजूला, चराच्या काठावर ठेवतात, तो तिचा. कोठारही अजून उभं आहे. त्याला दार नाही. पाखरं अजून येतात, उशिराच येतात, आणि चुरा वेचून जातात.

आणि आजही गावात नवा बिशप झाला की त्याला सगळ्यांआधी चराच्या काठावर बसवतात. पाचेक वर्षांची एखादी मुलगी त्याच्या हातावर काळ्या भाकरीचा तुकडा ठेवते आणि समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. तो गिळेपर्यंत गावात दुसरं कुणी घास उचलत नाही.