पुंगळीचं घर

एकदा एक निवृत्त सुभेदार डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेत नेमबाजी शिकवीत असत. सैन्यात त्यांनी जन्मभर शस्त्रांची निगा राखली होती. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते कुणाला फेकू देत नसत. त्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणीत, भरीत आणि शिष्यांच्या हाती देत.

त्यांच्या दोन शिष्या होत्या. दर्शनाजवळ स्वतःची रायफल होती. शलाका मात्र संस्थेच्या रायफलींपैकी त्या दिवशी जी मोकळी असेल ती घेई. शलाकाचं मन मुळातच घाबरं, पान हललं तरी दचकणारं. त्यात दर्शनाचा नेम अचूक. सुभेदार दर्शनाला नुसतं ‘वा!’ म्हणाले, तरी इकडे शलाकाचा नेम चुके.

एक गोष्ट तर तिला फारच डाचे. दर्शनाच्या पुंगळ्यांचं सुभेदार नुसतं तोंड आवळून घेत. शलाकाच्या पुंगळ्या मात्र तेलाचं बोट लावून अख्ख्याच्या अख्ख्या साच्यात घालीत आणि तरफेवर अंगाचा भार टाकून दाबीत.

‘तिला गोंजारायचं आणि मला पिळून काढायचं,’ ती मनाशी म्हणे. ‘गुण तिच्या हातात नाहीच मुळी. तिच्या काडतुसांत आहे.’

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. निवडीच्या दिवशी सुभेदार चहाला गेलेले पाहून शलाकाने दोघींच्या काडतुसांचे डबे गुपचूप बदलले.

नेमबाजीच्या रेषेवर तिने पहिलं काडतूस सरकवलं. काडतुसामागे मिटणारा रायफलीचा बोल्ट अर्ध्यावरच अडला. तिने जोर केला. तळहात लाल झाला, बोल्ट मिटेना. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तेच. शेजारी दर्शना मात्र शलाकाच्या डब्यातली काडतुसं घालून नेहमीसारखीच नेम साधत होती. एकही गोळी न झाडता शलाकाची वेळ संपली. जागा दर्शनाला मिळाली.

सगळे पांगल्यावर ती सुभेदारांच्या कामाच्या खोलीत गेली.

“काका, डबे मी बदलले होते.”

“बोल्ट अडला तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“रेषेवर गेलेल्याशी गुरूनं बोलायचं नसतं, बाई.”

“पण दुजाभाव तुम्हीच केलात ना!” तिचा आवाज चिरकला. “तिचं सगळं हळुवार, आणि माझ्यावर एवढा दाब!”

दर्शनाची एक रिकामी पुंगळी तिच्या हातात ठेवून सुभेदार म्हणाले, “दाब.”

तिने रागाने ती तशीच साच्याशी नेली. सुभेदारांनी तिचं मनगट धरलं. ती दचकली.

“कोरडी घालशील तर अडकून बसेल. तेल लाव. अगं, एवढं नको! जास्त झालं तर पितळाला खड्डा पडतो. नुसतं बोट फिरव.”

तिने बोट फिरवलं, तरफ ओढली. पुंगळी सुळकन आत जाऊन बाहेर आली. तेल पुसून सुभेदारांनी ती संस्थेच्या रायफलीत घातली. बोल्ट एका बोटाने मिटला.

मग ते म्हणाले, “गोळी सुटली की पितळ फुगतं आणि ज्या बंदुकीत असेल तिच्या घराचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेऊन बसतं. दर्शनाचं पितळ पुन्हा तिच्याच बंदुकीत जाणार. त्याला मी कशाला छळू? तुझ्या वाट्याला रोज नवी बंदूक. तुझं काडतूस कुठल्याही घरात निमूट बसावं, म्हणून त्याला पुरतं दाबतो. तुझं तिला चाललं, पाहिलंस ना? तिचं तुला चाललं नाही. आणि पोरी, दाबलं असेल मी. पण कोरडं कधी दाबलंय का?”

शलाका आपल्या तेलकट बोटाकडे बघत राहिली.

मग उठून ती दर्शनाकडे गेली आणि तिचा डबा तिच्यापुढे ठेवून सारं सांगून टाकलं.

“तरीच,” दर्शना म्हणाली, “म्हटलं आज माझा बोल्ट एवढा हलका कसा! राहू दे तो डबा तिथेच. आज मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. उद्या बघू.”

शलाकाने मान हलवली. त्या ‘उद्या’चा तिला आधार वाटला.

दुसऱ्याच्या वाट्याचं उचलण्याआधी, ते आपल्या घरात बसेल का, एवढं तरी माणसाने पाहावं.